साडेबाराशेचा रकाना

महिन्याची दहा तारीख उलटली की भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतल्या हिशेबाच्या खोल्यांमध्ये एका कामाची घाई उडते. पगार वाटून झालेले असतात, मस्टर मिटलेलं असतं आणि संगणकावर एक साधी मजकुराची फाइल तयार होत असते. तिला ईसीआर म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चलन-कम-रिटर्न. एका कामगाराची एक ओळ, ओळीत अकरा नोंदी आणि दोन नोंदींच्या मध्ये #~# अशी चमत्कारिक खूण. आधी बारा आकडी यूएएन, म्हणजे सदस्याचा कायमचा खाते क्रमांक, मग नाव, मग एकूण पगार. त्यानंतर भविष्य निर्वाह निधीसाठी धरलेला पगार, पेन्शनसाठी धरलेला, विम्यासाठी धरलेला. मग येतात रकमा: १८००, १२५०, ५५०. शेवटच्या दोन जागी बहुतेक वेळा शून्य आणि शून्य.

यातला १२५० हा आकडा म्हणजे खासगी नोकरीतल्या माणसाची सक्तीची पेन्शन. १५,००० रुपयांचे ८.३३ टक्के काढले की १२४९.५० येतात, रक्कम पूर्ण रुपयात भरायची म्हणून ते साडेबाराशे होतात. कामगाराच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १८०० रुपये कापले जातात, ते सगळेच्या सगळे त्याच्या फंडात जातात. मालकालाही १८०० घालायचे असतात. पण त्यातले साडेबाराशे पेन्शनकडे वळतात आणि फंडात पडतात ते उरलेले ५५०. शिवाय मालकाने विम्याचे ७५ आणि फंड कार्यालयाच्या कारभाराचे ७५ रुपये वेगळे भरायचे. पगार १५,००० असो की दीड लाख, कायद्याची सक्ती इथे संपते. एखादी कंपनी पूर्ण मूळ पगारावर १२ टक्के भरते, तेव्हा फंड फुगतो. पेन्शनचा रकाना, थोडे अपवाद सोडले, तर साडेबाराशेलाच अडून राहतो.

पेन्शन वयाच्या ५८व्या वर्षी मंजूर होते असं कागदावर दिसतं. खरं तर ती या ओळींमधून, पंचवीस-तीस वर्षं, महिन्यामागून महिना ठरत आलेली असते. ज्याच्या नावाने ही ओळ जाते तो ती सहसा पाहतही नाही.

फंडाचा कायदा आला तेव्हा स्वातंत्र्याला चारच वर्षं झाली होती. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी अध्यादेश निघाला, १९५२च्या मार्चमध्ये त्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून योजना पूर्णपणे चालू झाली. सुरुवातीला उद्योग सहाच होते: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी माल, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड म्हटलं की मुंबई, सोलापूर, नागपूरच्या गिरण्या आल्याच. वर्गणी सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक, मालकाचा एक. पगाराची मर्यादा ३०० रुपये. पन्नास माणसं असलेल्या कारखान्यालाच हा कायदा लागत असे, पुढे तो आकडा वीसवर आला. दर चढत चढत १९९७ मध्ये १२ टक्क्यांवर पोचला.

पण फंड म्हणजे एकरकमी पैसा, आणि एकरकमी पैसा म्हातारपणापर्यंत टिकत नाही. मुलीचं लग्न, गावचं घर, धाकट्याचं शिक्षण, कुणाचं तरी आजारपण. निवृत्त माणसाच्या हातात रक्कम पडली की तिच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात. म्हणून १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन आली, १९७६ मध्ये ठेवीशी जोडलेला विमा आला आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे सगळे जिला ‘ईपीएस-९५’ म्हणतात ती, सुरू झाली. तिच्यासाठी मालकाच्या खिशातून नवा पैसा आला नाही, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. फंडात जाणाऱ्या मालकाच्या वाट्यातूनच ८.३३ टक्के बाजूला काढले गेले. वर्षाच्या बारा पगारांतला एक पगार, असं ते गणित आहे. केंद्र सरकारने त्यात १.१६ टक्क्यांची भर घालायची, तीही पगाराच्या मर्यादेपुरतीच. तेव्हा ‘सरकार आम्हाला पेन्शन देतं’ हे या योजनेबाबत निम्म्याहून कमी खरं आहे. पेन्शनचा बहुतेक पैसा हा कामगाराच्या फंडात पडला असता तो पैसा आहे.

फंड आणि पेन्शन एकाच चलनाने भरतात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. फंड हे माणसाचं स्वतःचं खातं. त्यावर दरवर्षी व्याज जाहीर होतं, २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनचे साडेबाराशे मात्र एका सामायिक निधीत जातात. पासबुकात त्यांचा तिसरा रकाना दिसतो, तो दर महिन्याला वाढतो, पण त्याच्यावर व्याज चढत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी पासबुक उघडून घाबरतं की आपलं व्याज बुडवलं. बुडवलेलं नसतं, तिथे ते द्यायचंच नसतं. सामायिक निधीचा हिशेब साठ्यावर चालत नाही, सूत्रावर चालतो.

सूत्र साधं आहे. पेन्शनसाठी धरलेला सरासरी पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पूर्वी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी घेत. सप्टेंबर २०१४ पासून ६० महिन्यांची घेतात. भाजक ७० असल्याने ३५ वर्षं नोकरी केली तर सरासरी पगाराच्या निम्मी पेन्शन बसते. ऐकायला ठीक वाटतं. पण सूत्रातला ‘पगार’ म्हणजे खरा पगार नव्हे, मर्यादेत कापलेला पगार. ती मर्यादा २००१ पासून ६,५०० होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. २०१४च्या आधीच्या नोकरीला ६,५०० आणि नंतरच्या नोकरीला १५,००० धरून दोन तुकड्यांत हिशेब करायचा, असा नियम आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, कुणी सप्टेंबर २००५ पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत अठरा वर्षं कारखान्यात काढली आणि त्याचा मूळ पगार कायम मर्यादेइतका तरी होता. पहिली नऊ वर्षं: ६,५०० गुणिले ९ भागिले ७०, म्हणजे ८३५ रुपये आणि काही पैसे. पुढची नऊ: १५,००० गुणिले ९ भागिले ७०, म्हणजे १,९२८ रुपये. दोन्ही मिळून पेन्शन दरमहा २,७६४ रुपये. या अठरा वर्षांत त्याच्या नावाने पेन्शनकडे गेले सुमारे १ लाख ९३ हजार. व्याज अजिबात न धरता पाहिलं तर तेवढे पैसे पेन्शनमधून परत यायला सत्तर महिने लागतात. व्याज धरलं तर किती, ते वाचकाने स्वतः करून पाहावं. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि महागाईबरोबर वाढत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं.

महागाई भत्ता नाही, हेच या योजनेचं सर्वांत मोठं दुखणं. २०१४ मध्ये किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये ठरली. एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेली महाराष्ट्रातली माणसं या योजनेत मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या आंदोलनाचं एक केंद्र बुलढाणा आहे. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समितीने तिथे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर साखळी उपोषण वर्षानुवर्षं चालवलं. मागणी होती किमान ७,५०० रुपये आणि वर महागाई भत्ता. गंमत पाहा: १५,००० गुणिले ३५ भागिले ७० केलं की बरोबर ७,५०० येतात. पस्तीस वर्षं पूर्ण मर्यादेवर वर्गणी भरलेल्याला सूत्र जे देईल, ते आंदोलक सर्वांत तळाच्या माणसासाठी मागत आहेत. मागणी मोठी आहे म्हणावं की सूत्र तोकडं आहे म्हणावं, हा ज्याच्या त्याच्या बसण्याच्या जागेचा प्रश्न आहे. माझ्या मते तोकडी आहे ती मर्यादा. दहा वर्षांहून जास्त काळ एका जागी उभा असलेला आकडा पेन्शनचा पाया कसा होऊ शकतो?

तरीही ‘साडेबाराशे फंडातच टाका, आम्हाला पेन्शन नको’ असं तरुण मुलं म्हणतात तेव्हा एक गोष्ट सांगावीशी वाटते. सदस्य नोकरीत असताना दगावला, तर पेन्शनसाठी एरवी असलेली किमान दहा वर्षं नोकरीची अट लागत नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला किंवा विधुराला पेन्शन मिळते, आणि एका वेळी दोन मुलांना पंचविशीपर्यंत त्या पेन्शनच्या २५ टक्के. शिवाय ठेवीशी जोडलेल्या विम्यातून जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत रक्कम. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या, प्रेसवर किंवा शेडच्या पत्र्यावर अपघातात गेलेल्या पोराच्या घरी हे पैसे पोचतात, ते सामायिक निधी आहे म्हणून. त्याच्या स्वतःच्या खात्यात असं कितीसं जमलं असतं?

आता मालकाच्या बाजूकडे वळू, कारण ओळीतले आकडे लिहितो तो मालक. वर्गणी ‘मूळ पगारा’वर लागते, म्हणून मूळ पगार लहान दाखवण्याची कला आपल्याकडे खूप विकसित झाली. समजा १४,००० पगार आहे. त्यातले ७,००० ‘बेसिक’ लिहिले आणि उरलेले ७,००० ‘स्पेशल अलाउन्स’, ‘कन्व्हेयन्स’, ‘एज्युकेशन अलाउन्स’ अशा नावांनी वाटून टाकले, की पेन्शनकडे ११६६ऐवजी ५८३ जातात. हातात येणारा पगार थोडा वाढतो, म्हणून कामगारही कुरकुरत नाही. उलट खूश होतो. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात यावर निकाल दिला. जो भत्ता सगळ्यांना सरसकट मिळतो, ज्याचा जास्त कामाशी किंवा विशेष परिस्थितीशी काही संबंध नाही, तो भत्ता नसून मूळ पगारच आहे, त्यावर वर्गणी लागणार. नाव काहीही द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी हेच पुढे नेलं: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. अर्थात, ज्याचा फंड आधीच १५,००० वर कापला जातो, त्याला या व्याख्येने सक्तीचं असं काही वाढत नाही. पुन्हा तीच मर्यादा आडवी येते.

सीटीसीचाही, म्हणजे माणसामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्याचाही, एक गुंता आहे. नव्या नेमणुकीत मालकाचा वाटा सीटीसीच्या आकड्यात आधीच धरून ठेवतात, त्यामुळे ‘कंपनी माझ्यासाठी भरते’ की ‘माझ्याच पगारातून भरते’ हे कळेनासं होतं. पण आधीपासून कामावर असलेल्याचा पगार आपला वाटा भरायचा म्हणून मालकाने कमी केला, तर ते १९५२च्या कायद्याच्या १२व्या कलमानुसार बेकायदा आहे. मालकाचा वाटा कामगाराकडून कुठल्याही वाटेने वसूल करता येत नाही. आणि एखाद्या महिन्यात कामगाराचा वाटा कापायचा राहून गेला, तर पुढच्या महिन्यात ‘मागचं राहिलं होतं’ म्हणून दुप्पट कापायची सोयही साधारणपणे नाही.

पैसे कापले की पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत ते भरले गेले पाहिजेत. २०१६च्या सुरुवातीपर्यंत पाच दिवसांची सवलत होती, ती काढून टाकली गेली. या तारखेभोवती कायद्याने जी तटबंदी उभारली आहे, ती खरोखर पाहण्यासारखी आहे. उशीर झाला की ७-क्यू कलमाने वर्षाला १२ टक्के व्याज. त्यावर १४-ब कलमाची नुकसानभरपाई. ती पूर्वी उशिराच्या लांबीप्रमाणे ५ पासून २५ टक्क्यांपर्यंत चढत असे, जून २०२४ पासून सरसकट दरमहा १ टक्का केली आहे. मालकांची ती जुनी मागणी होती. सहा महिन्यांहून जास्त थकवणाऱ्याला त्यात चांगलीच सूट मिळाली, हेही खरं. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा भरलाच नाही, तर तो गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात ठरतो. भारतीय दंड विधानाच्या ४०५ कलमात तसं स्पष्टीकरणच होतं आणि नव्या न्याय संहितेतही ते आलं आहे. कायद्याच्या नजरेत तो पैसा कापला त्या क्षणी कामगाराचा झालेला असतो, मालकाकडे फक्त ठेवायला दिलेला.

मात्र फौजदारीपेक्षा मालकांना झोंबला तो आयकराचा निकाल. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कामगाराचा वाटा ठरलेल्या तारखेच्या आत भरला नाही, तर मालकाला तो खर्च म्हणून कधीच वजा करता येणार नाही. ती रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाईल. स्वतःचा वाटा उशिरा भरला तर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत निभावून जातं. त्या निकालाप्रमाणे कामगाराचा वाटा १५ऐवजी १६ तारखेला गेला, तरी वजावट कायमची गेली. बँकेचं संकेतस्थळ बंद होतं, हिशेबनीस रजेवर होता, हे काही चालत नाही. लहान कारखान्यांचं हे काम बाहेरचा ‘पीएफ कन्सल्टंट’ करतो, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी त्याचा फोन लागत नाही, तेव्हा मालकाचा जीव कासावीस होतो तो यासाठी.

वसुलीच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक महत्त्वाचा निकाल दिला. सहकारी साखर कारखाने हंगामासाठी बँकेकडून कर्ज घेतात आणि तयार साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवतात. अशाच एका प्रकरणात कारखान्याने कामगारांच्या फंडाची वर्गणी थकवली, तेव्हा फंड कार्यालयाने तारण ठेवलेल्या साखरेवर टाच आणली. बँक म्हणाली, पोती आमच्या ताब्यात, पहिला हक्क आमचा. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक विरुद्ध सहायक भविष्य निर्वाह निधी आयुक्त हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये निकाल बँकेच्या विरुद्ध लागला. कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे फंडाची थकबाकी हा मालमत्तेवरचा पहिला बोजा. तारणदार बँकेचा नंबर त्यानंतर. नुसती वर्गणीच नव्हे, तर तिच्यावरचं व्याज आणि नुकसानभरपाईसुद्धा आधी. गोदामातल्या साखरेवर ऊस उत्पादकाचा, बँकेचा, सरकारचा, सगळ्यांचा डोळा असतो. त्या रांगेत कामगाराचा फंड पुढे उभा राहिला, ही साधी गोष्ट नाही. कागदावर पुढे, असं म्हणायला हवं. थकबाकी वसूल होईपर्यंत पुष्कळ वेळा कारखान्याचे गाळप हंगाम कोरडे गेलेले असतात आणि निवृत्त कामगार फंड कार्यालयाचे जिने चढत असतो.

कंत्राटी कामगारांचं तेच. सुरक्षारक्षक, साफसफाईवाले, माल चढवणारे यांची वर्गणी कंत्राटदाराने भरायची. त्याने बुडवली तर जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून शहाणी कंपनी कंत्राटदाराचं बिल काढण्यापूर्वी त्याचा ईसीआर आणि चलन मागते. नुसतं चलन पाहून भागत नाही. चलनावर एकूण रक्कम असते, माणसांची नावं नसतात; चाळीस माणसं कामावर आणि पंचवीस नावांचं चलन, हा प्रकार नावागणिक ओळी पडताळल्याशिवाय सापडत नाही. आणि कायदा टाळायला १९ माणसं दाखवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की आस्थापनेला कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही.

आता बेइमानीपेक्षा जास्त नुकसान करणाऱ्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे साधी चूक. ५८ वर्षं पूर्ण झाल्यावर पेन्शनची वर्गणी बंद करून मालकाचा पूर्ण वाटा फंडात टाकायचा असतो. सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख चुकली की साडेबाराशे तसेच जात राहतात. १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदाच सदस्य झाला आणि ज्याचा पगार तेव्हा १५,००० च्या वर होता, तो पेन्शन योजनेत येतच नाही. तरी हिशेबनीस सवयीने त्याचे १२५० पेन्शनमध्ये टाकतो. दहा वर्षांनी तो माणूस पेन्शन मागायला जातो तेव्हा कळतं की तो कधी सदस्य नव्हताच. मग ते पैसे फंडात वळवायचे अर्ज, मालकाच्या सह्या, आणि तोवर ती कंपनी राहिलेली असेलच असं नाही. ओळीच्या शेवटी जे दोन शून्य असतात, त्यांतलं पहिलं बिनपगारी दिवसांचं. ते दिवस पेन्शनपात्र नोकरीतून वजा होतात, म्हणून तिथे रजेचा आकडा चुकीने पडला तर वर्षं कमी भरतात.

नावाचं दुखणं तर खास आपलं. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव कुठे आधी लिहितात, कुठे शेवटी. आधारवर ‘पाटील सुरेश बाबुराव’, फंडात ‘सुरेश बी. पाटील’, बँकेत नुसतंच ‘सुरेश पाटील’: तिघेही एकच, पण संगणकाला तीन माणसं दिसतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, काही घरांत पहिलं नावही बदललेल्या बाईच्या बाबतीत तर नोकरीची पहिली वर्षं एका खात्यावर आणि नंतरची दुसऱ्यावर असं होतं, आणि दोन्ही जोडली गेली नाहीत तर दहा वर्षं भरत नाहीत. दुरुस्तीसाठी पुष्कळ वेळा मालक आणि सदस्य यांचं संयुक्त निवेदन लागतं. ते नोकरीत असताना, मालक ओळखीचा असताना करून घ्यावं. कंपनी बंद पडल्यावर सही शोधत फिरणं म्हणजे काय, ते विचारायचं तर गिरणी बंद झालेल्यांना विचारावं.

पूर्ण पगारावर जास्त पेन्शन घेण्याचा वाद इथे फार वाढवत नाही. २०१६चा आर. सी. गुप्ता निकाल, २०१४च्या दुरुस्त्या आणि ४ नोव्हेंबर २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या तिन्हींतून जे निघालं त्याचा सारांश इतकाच, की जुने सदस्य आणि त्यांचा मालक यांना पूर्ण पगारावर वर्गणी भरण्याचा संयुक्त पर्याय देण्याची आणखी एक संधी मिळाली, तिची मुदत संपून गेली, आणि मागच्या वर्षांचा फरक व्याजासह फंडातून पेन्शनकडे वळवावा लागतो हे कळल्यावर अनेकांचा उत्साह मावळला.

नोकरी बदलणाऱ्या तिशीतल्या मुलांसाठी जास्त महत्त्वाचा आहे तो १०-सी नावाचा फॉर्म. नोकरी सुटल्यावर ठरावीक काळाने फंडाप्रमाणेच पेन्शनचेही पैसे काढून घेता येतात, दहा वर्षं झालेली नसतील तर. एका तक्त्याप्रमाणे एकरकमी रक्कम येते, मोबाइलचा हप्ता फिटतो आणि त्या नोकरीची वर्षं पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून. त्याच १०-सी फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र मागता येतं. त्यात नोकरीची वर्षं जपली जातात आणि नव्या नोकरीतल्या वर्षांना जोडली जातात. चार ठिकाणी तीन-तीन वर्षं काढलेल्याची बारा वर्षं होतात ती अशी. शिवाय सहा महिने किंवा त्याहून जास्त असलेलं अपुरं वर्ष इथे पूर्ण धरतात. म्हणून नऊ वर्षं पाच महिने झालेला माणूस एकरकमी पैसे घेऊन घरी जातो, आणि नऊ वर्षं सहा महिने झालेला ५८व्या वर्षापासून मरेपर्यंत, आणि त्याच्या मागे त्याची बायको, पेन्शन घेते. राजीनाम्याची तारीख लिहिताना यूएएनच्या संकेतस्थळावर आपल्या सेवेचा इतिहास उघडून एवढं एक मोजून घ्यावं.